आजीचे दोन राम आणि माझं रडार

आधी एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी म्हणजे आमच्याकडे आठवड्यातून चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाईड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर संपादकांनी पदरात घ्यावेत. "मग इंग्लिश सेक्शनला का नाही दिलास लेख?" असं दोघीतिघींनी विचारलंच. कारण साधं आहे. या लेखातलं निम्मं काम माझ्या आजीचं आहे आणि अंक आला की तो तिला वाचून दाखवायचा आहे.

तर विषय. ई अँड टीसीच्या थर्ड इयरला सेमिनार नावाचं एक प्रकरण असतं हे तुम्हाला माहीत आहेच. मला रडार करायचं होतं. नुसतं पीपीटी नाही, खरंखुरं, छोटंसं, घराभोवतालचे डोंगर दाखवणारं. सुट्टीत आजोळी जाऊन गच्चीवर मांडायचं असा बेत होता. सरांनी विचारलं, "आजोळ कुठे?" म्हटलं, "आणे. आळेफाट्यावरून नगरकडे निघालं की बेल्हे लागतं, मग घाट चढून वर." सर म्हणाले, "म्हणजे खोडदपासून किती लांब?" मी नकाशा काढला. सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. सर हसले आणि म्हणाले, "मग ट्रान्समीटर विसर."

खोडदला जीएमआरटी आहे. नारायणगावहून आत गेलं की ४५ मीटर व्यासाच्या त्या प्रचंड जाळीदार तबकड्या दिसायला लागतात. एकूण ३०. त्यातल्या १४ साधारण एक किलोमीटरच्या चौकात आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकते, आणि त्या इतक्या क्षीण असतात की परिसरात कोणी नवा ट्रान्समीटर लावायचा म्हटलं तर आधी त्यांच्याशी बोलावं लागतं. तिथे मी माझं घरगुती रडार घेऊन आकाशात लहरी सोडणं म्हणजे परीक्षेच्या हॉलबाहेर ताशा वाजवण्यासारखं झालं असतं.

म्हणून पॅसिव्ह रडार. मी त्याला फुकटं रडार म्हणते. साधं रडार स्वतः हाक मारतं आणि प्रतिध्वनी ऐकतं. फुकटं रडार हाक मारतच नाही. कोणी तरी आधीच ओरडत असतं (रेडिओ स्टेशन, टीव्हीचा मनोरा, मोबाईलचा टॉवर) आणि आपण कोपऱ्यात गुपचूप बसून दोन गोष्टी ऐकायच्या: मनोऱ्याकडून थेट आलेली लहर, आणि तीच लहर डोंगरावर किंवा विमानावर आपटून उशिरा आलेली. उशीर किती झाला ते मोजायचं. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. हा एक आकडा लक्षात ठेवा, लेखभर लागणार आहे. उशीर चार मायक्रोसेकंद असेल तर ती लहर १२०० मीटरचा वळसा घालून आली.

पण वळसा घालून आली म्हणजे कुठून? इथे अकरावीतला लंबवर्तुळ परत भेटतो. फळ्यावर दोन खिळे ठोका, सैल दोरा बांधा, दोरा ताणून पेन्सिल फिरवा. एक खिळा म्हणजे मनोरा, दुसरा खिळा म्हणजे आपण. पेन्सिल जिथे जिथे जाते त्या प्रत्येक ठिकाणाहून परतणारी लहर सारखाच वळसा घालते. म्हणजे एका उशिरावरून डोंगराची जागा कळत नाही, तो या रेषेवर कुठे तरी आहे एवढंच कळतं. मनोरा खूप लांब असला की आपल्या जवळ हे लंबवर्तुळ पॅराबोलासारखं दिसतं: डोंगर आपल्या बरोब्बर पाठीमागे असेल तर त्याचं अंतर वळशाच्या निम्मं, काटकोनात बाजूला असेल तर वळशाइतकंच. कोणत्या दिशेचा डोंगर, हे दिशा ओळखणाऱ्या अँटेनालाच विचारावं लागतं.

ही कल्पना नवीन वगैरे अजिबात नाही, रडारच्या बारशाच्याही आधीची आहे. ब्रिटिश पोस्ट खात्याच्या इंजिनिअरांच्या लक्षात आलं होतं की विमान वरून गेलं की रिसेप्शन डळमळतं. अर्नोल्ड विल्किन्स यांना ती नोंद आठवली आणि २६ फेब्रुवारी १९३५ रोजी त्यांनी आणि रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी डॅव्हेंट्री गावाजवळच्या शेतात एक गाडी उभी केली. ट्रान्समीटर त्यांचा नव्हताच, तो बीबीसीचा, ४९ मीटर बँडवरचा शॉर्टवेव्ह. हेफर्ड जातीचं एक बॉम्बर विमान वरून ये-जा करत होतं. साधारण आठ मैलांपर्यंत त्याचा प्रतिध्वनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हलताना दिसला. ब्रिटनचं पुढचं सगळं रडारजाळं या एका दिवसाच्या जोरावर उभं राहिलं. म्हणजे पहिला प्रयोग फुकटातलाच!

मला धीर आला. दिवाळीच्या सुट्टीत सामान घेऊन एसटीने आण्याला पोचले. सामान म्हणजे दोन आरटीएल-एसडीआर डोंगल. ही मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघायची स्वस्त डोंगलं. २०१२ च्या सुमारास काही हौशी मंडळींना कळलं की त्यातून कच्चा रेडिओ सिग्नलच बाहेर काढता येतो, आणि तेव्हापासून जगभरच्या गरीब विद्यार्थ्यांची सोय झाली. ती फक्त ऐकतात, ओरडत नाहीत, म्हणजे खोडदलाही त्रास नाही. दोन्हींचं घड्याळ एकच असावं लागतं, म्हणून एकाचा २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून दुसऱ्यावरून वायर ओढली. (सोल्डरिंग करताना एक डोंगल जाळलं. ते या हिशोबात धरलेलं नाही.) एक अँटेना पूर्वेला, नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या आकाशवाणीकडे. ती थेट लहर ऐकणार. दुसरी उलट दिशेला, डोंगरांकडे.

आता माझी चूक सांगते, कारण सेमिनारला हाच प्रश्न आला आणि तुमच्यापैकी कोणालाही येऊ शकतो. डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने घेतं. एका नमुन्याला प्रकाश १२५ मीटर जातो. मी खुशीत वहीत लिहिलं: "रिझोल्यूशन १२५ मीटर." दोन्ही सिग्नल सरकवून एकमेकांवर ठेवून बघितले, म्हणजे आपलं नेहमीचं कोरिलेशन, आणि आलेख काढला. वाटलं होतं की सुळके दिसतील, एकेक डोंगर म्हणून बोट ठेवता येईल. दिसलं काय? एक भलामोठा गोल टेंगूळ. डोंगर-बिंगर काही नाही. तीन रात्री अँटेना हलवली, कोड तपासला, जागा बदलली. टेंगूळ तिथेच.

कारण नमुने किती घेता याला काही अर्थ नाही. हाक कशी आहे ते महत्त्वाचं. घाटात उभं राहून "ओऽऽऽ" अशी लांब हाक मारा, प्रतिध्वनी त्याच ओ मध्ये मिसळून जातो. टाळी वाजवा, लगेच वेगळी ऐकू येते. सिग्नलची बँडविड्थ म्हणजे ही टाळी किती तीक्ष्ण आहे त्याचं माप. एफएमचं गाणं साधारण १०० किलोहर्ट्झ जागा व्यापतं. एक भागिले १०० किलोहर्ट्झ म्हणजे १० मायक्रोसेकंद, आणि १० मायक्रोसेकंद म्हणजे ३ किलोमीटर. वळशात तीन किलोमीटरहून कमी फरक असलेले सगळे डोंगर, शिवाय थेट आलेली लहर, सगळं एकाच टेंगळात. त्यातून थेट लहर इतकी जोरदार की ८ बिटांच्या डोंगलला तिच्या शेजारची कुजबुज ऐकूच येत नाही.

आणि गंमत ऐका. टेंगळाची रुंदी कार्यक्रमाप्रमाणे बदलत होती! ढोल-ताशे, झांजा असलेलं गाणं लागलं की टेंगूळ बारीक व्हायचं. बातम्या लागल्या की सुजायचं. निवेदक श्वास घ्यायला थांबला की तर विचारूच नका. बोलण्यापेक्षा संगीतात बँडविड्थ जास्त, हे पुस्तकात एका ओळीत वाचलेलं. गच्चीवर तास न् तास बघून ते कळलं. रडार इंजिनिअरला आवडीनिवडी नसाव्यात, पण बातम्यांचा मला त्या आठवड्यात मनापासून राग आला.

एक यश मात्र मिळालं. डोंगर जागचा हलत नाही, म्हणून तो टेंगळात बुडतो. विमान हलतं. एफएमची तरंगलांबी ३ मीटर. विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने येत असेल तर वळसा सेकंदाला ५०० मीटरपर्यंत कमी होऊ शकतो, म्हणजे वारंवारतेत जास्तीत जास्त १६७ हर्ट्झचा फरक. १० कोटी हर्ट्झमध्ये १६७ म्हणजे काहीच नाही, पण एक सेकंदभराचा डेटा एकत्र घेतला तर एका हर्ट्झचाही फरक कळतो. चौथ्या रात्री जेवणं झाल्यावर शून्यापासून नव्वदेक हर्ट्झवर एक पुसट ठिपका उगवला, सरकत सरकत चाळीस सेकंदांनी गेला. मी ओरडतच बाहेर आले. वर लाल दिवा लुकलुकत होता. मामांनी विचारलं, "काय सापडलं?" म्हटलं, "विमान." मामा म्हणाले, "ते तर मला हितनं दिसतंय."

बरोबरच होतं त्यांचं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आजी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी तिला समजावत होते की लहर डोंगरावर आपटून उशिरा येते आणि मला तो डोंगर दिसत नाहीये. आजी म्हणाली, "आमच्या टीव्हीत दिसायचं की गं ते."

"काय दिसायचं?"

"दोन राम. एक खरा न् त्याच्या बाजूला एक फिका. रामायण लागायचं तवा सगळी वाडी आपल्याकडं यायची. लोक म्हणायचे, तुमच्याकडं रामबी दोन. लक्ष्मणबी दोन."

मी जागेवरच बसले. ज्यांनी जुना टीव्ही पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते (मीही पाहिलेला नाही, वय काढू नये). दूरदर्शनचं जुनं प्रसारण अॅनालॉग होतं. घरावर काठ्यांची अँटेना, एक जण वर फिरवणार, एक जण दारातून ओरडणार, "आलं का? गेलं! मागं घे, मागं!" कधी मुंग्या, तर कधी एकाची दोन चित्रं. या दुसऱ्या चित्राला टीव्हीवाले भूतच म्हणायचे. ते भूत म्हणजे डोंगरावर आपटून उशिरा आलेला तोच सिग्नल. चित्र डावीकडून उजवीकडे रेघारेघांनी काढलं जातं, त्यामुळे उशिरा आलेलं चित्र उजवीकडे सरकून पडतं. म्हणजे पडद्यावरचं अंतर हाच उशीर! आजीच्या घरात १९८७ साली रडारचा पडदा होता आणि त्यावर रामायण चालू होतं.

मग हिशोब. आपल्याकडच्या पद्धतीत चित्राला ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद, त्यातले ५२ पडद्यावर दिसणारे. मामांना टीव्हीचं माप आठवत होतं, २० इंची. कर्ण ५१ सेंटिमीटर धरला तर रुंदी जवळपास ४१. म्हणजे पडद्यावर एक सेंटिमीटर म्हणजे सव्वा मायक्रोसेकंदाच्या थोडं वर, म्हणजे साधारण ३८० मीटरचा वळसा.

"आजी, दुसरा राम किती लांब असायचा?"

तिने दोन बोटं जोडून दाखवली. "एवढा." नंतर थोडा विचार करून, "एवढाच. कमी न्हाई न् जास्ती न्हाई. रोज तेवढाच."

रोज तेवढाच! डोंगर कुठे हलतोय? मी कंपासमधली पट्टी आणून आजीची दोन बोटं मोजली. तीन सेंटिमीटर. वळसा ११४० मीटर. आता तो आडवा डोंगर बाजूला असेल तर एक किलोमीटरच्या थोडा पुढे, पाठीमागे असेल तर ५७० मीटरवर. दोन्हीकडे उंचवटे आहेत, पठारावरून घाटाकडे कडा आहे आणि पुण्याच्या उलट बाजूला एक टेकाड आहे. अँटेनाचं तोंड पुण्याकडे असायचं हे मामांना नक्की आठवत होतं. पण भूत कुठलं?

मामांनीच सोडवलं. म्हणाले, "भूत मी घालवलं शेवटी. कोंबड्यांची जाळी उरली होती, ती अँटेनाच्या मागनं तारेनं आवळली. दुसरा राम गेला. आई दोन दिवस बोलली न्हाई माझ्याशी."

आजीला तो फिका राम आवडायचा, असं तेव्हा कळलं.

जाळी मागून लावल्यावर भूत गेलं, म्हणजे ते पाठीमागून येत होतं. बारावी पास मामांनी रिफ्लेक्टर बसवून फ्रंट-टू-बॅक रेशो वाढवला होता, आणि मी हे सगळं अँटेना थिअरीच्या युनिट तीनमध्ये पाठ करून विसरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल घेऊन आम्ही दोघं टेकाडाकडे निघालो. जिथे उतार एकदम चढा होतो तिथपर्यंत नकाशावर ६२० मीटर. हिशोब ५७० चा. आजीचं बोट अर्धा सेंटिमीटर जाड-बारीक झालं तरी शंभरेक मीटरचा फरक पडतो, शिवाय जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा थोड्या कापल्या जायच्या. इतकं जुळणं मला तरी पुष्कळ वाटलं.

आता एफएम आणि टीव्ही यांची तुलना करा. टीव्हीच्या चित्राची बँडविड्थ ५ मेगाहर्ट्झ, माझ्या गाण्याच्या पन्नासपट. म्हणून ३ किलोमीटरच्या जागी ६० मीटर. दोन लॅपटॉप-डोंगल आणि तीन रात्री घालवून मला जे दिसलं नाही ते साध्या टीव्हीवर सगळ्या वाडीला दिसत होतं, आणि सगळे ते घालवायच्या मागे होते. आज हा प्रयोग परत करता येणार नाही. दूरदर्शनने आपले अॅनालॉग मनोरे टप्प्याटप्प्याने बंद केले, २०२२ पर्यंत जवळपास सगळे गेले. डिजिटल डिशच्या चित्रात भूत येत नाही, एक तर चित्र येतं नाही तर जातं.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, जीएमआरटी सगळ्यांसाठी खुलं असतं आणि शाळा-कॉलेजांचं मोठं प्रदर्शन भरतं. यंदा मामांना घेऊन गेले. तबकडीखाली उभं राहून त्यांनी वर बघितलं आणि पहिलं वाक्य: "ही जाळीच हाये की!" खरंच जाळी आहे, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची. मधल्या भागात छिद्रं १० मिलिमीटरची, कडेला २०. छिद्र तरंगलांबीपेक्षा खूप लहान असेल तर लहरीला ती सलग पत्र्यासारखीच वाटते, वाऱ्याला मात्र वाट मिळते आणि वजन, खर्च दोन्ही वाचतात. कोंबड्यांच्या जाळीचंही हेच. टीव्हीची तरंगलांबी दीड मीटरच्या आसपास, तिला ती भोकं कुठून दिसणार!

तिथे फिरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मला हवा असलेला प्रतिध्वनी हा यांचा शत्रू आहे. विमानावर आपटलेला एफएम, डोंगरावर आपटलेला मोबाईल, सगळं त्यांना गाळून टाकायचंय. आणि गाळायची युक्ती माझ्याच युक्तीची उलटी बाजू आहे. मी हलणारं ठेवून स्थिर फेकते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जीएमआरटीवर १५० मेगाहर्ट्झला विश्वाच्या बाल्यातल्या हायड्रोजनचा शोध घेणाऱ्या गटाने हेच केलं. पृथ्वी फिरते म्हणून आकाशातले स्रोत तबकड्यांपुढून सरकतात, जमिनीवरची खरखर जागची हलत नाही. सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन लावून न हलणारा भाग वेगळा काढला (एम-थ्रीमध्ये "हे कुठे वापरतात?" असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी). मग पुढची कमाल, त्या खरखरीचे उगम जमिनीवर कुठे आहेत ते तबकड्यांच्याच मदतीने शोधलं. बरेचसे विजेच्या तारांपाशी निघाले. आकाशाची दुर्बीण, तिने जुन्नरच्या शिवारातल्या ठिणग्यांचा नकाशा काढला.

उलटही घडलंय. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात एमडब्ल्यूए नावाची रेडिओ दुर्बीण आहे. २०१३ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की एफएमच्या पट्ट्यात चंद्र चकाकतो, कारण पृथ्वीवरची रेडिओ स्टेशनं त्याच्यावर आपटून परत येतात. जाऊन-येऊन अडीच सेकंद. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही त्यांना असंच एफएममध्ये दिसलं. आपली गाणी चंद्रावरून परत येतात हे कळल्यावर माझ्या टेंगळाचं दुःख थोडं कमी झालं.

सेमिनारला १८ मार्क मिळाले, २५ पैकी. "आजीची बोटं" हे मेजरिंग इन्स्ट्रुमेंट म्हणून लिहिल्याचे दोन कापले असा माझा संशय आहे. पुढच्या वेळी मोबाईलच्या टॉवरचा सिग्नल वापरून बघायचा विचार आहे. त्याची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झही असू शकते, म्हणजे वळशातला १५ मीटरचा फरक कळायला हवा. पण इतकी रुंद बँड माझ्या डोंगलच्या आवाक्याबाहेर आहे, त्यासाठी चांगलं हार्डवेअर लागेल. कोणाकडे असेल तर कळवा.

आणि एक काम सगळ्यांसाठी. गावी जाल तेव्हा घरातल्या मोठ्यांना विचारा, टीव्हीत दुसरं चित्र दिसायचं का, कोणत्या बाजूला, किती बोटं, आणि अँटेनाचं तोंड कुठे असायचं. त्यांची बोटं पट्टीने मोजा, टीव्ही किती इंची होता ते लिहून घ्या आणि गावाच्या नावासकट मला द्या. मी टीई ई अँड टीसी, बी डिव्हिजन. लॅबमध्ये नसले तर मेसमध्ये असते.